टर्म इन्शुरन्सची एजन्सी घेताय? कंपनी कशी निवडायची आणि कमिशनचा तक्ता कसा वाचायचा

टर्म इन्शुरन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याच्या, कामात उतरणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कमिशन किती टक्के?" प्रश्न रास्तच आहे, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागतो. जालना, परभणी, बीडकडे काम करणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. ही कंपनी माझ्या गावातल्या माणसाला पॉलिसी देते का? आणि पहिलं वर्ष सरल्यावर माझ्या हाती काय उरतं? ह्या दोन्हींचं उत्तर भरतीच्या मीटिंगमधल्या पडद्यावर दिसत नाही, म्हणून हा लेख.

एक गैरसमज आधी दूर करू. अमेरिकेतल्या एजंटांचे व्हिडिओ बघून बरीच पोरं विचारतात की पाच-सहा कंपन्यांचे करार एकदम घ्यायचे आणि जिथे टक्का जास्त तिथे पॉलिसी टाकायची, असं जमेल का? तिकडे स्वतंत्र एजंट अनेक कंपन्यांशी करार करू शकतो आणि पहिल्या वर्षाच्या हप्त्याइतकं कमिशन देणारे करारही तिकडे असतात. आपल्याकडे वैयक्तिक एजंटला एकच आयुर्विमा कंपनी धरता येते. जोडीला एक जनरल इन्शुरन्सची आणि एक हेल्थची, इतकी मुभा आहे. म्हणजे टर्मसाठी तुमची निवड एकदाच होते, आणि नंतर बदलायची तर त्रास पडतो. म्हणून घाई नको.

पायरी १ : कोणत्या दारातून आत जायचं ते ठरवा

सरळ दार म्हणजे कंपनीची एजन्सी. दहावी पास, वय १८ पूर्ण, कंपनीचं प्रशिक्षण आणि मग आयसी-३८ ही विमा एजंटांची परीक्षा. ५० प्रश्न, एक तास, ३५ टक्क्यांना पास, आणि मराठीतून देता येते. परीक्षेची भीती बाळगू नका. ती पास होणारे खूप असतात, वर्षभर टिकणारे कमी.

दुसरं दार पीओएसपीचं, म्हणजे "पॉइंट ऑफ सेल्स पर्सन"चं. ब्रोकर कंपनीकडे १५ तासांचं प्रशिक्षण आणि छोटी परीक्षा दिली की त्या ब्रोकरमार्फत अनेक कंपन्यांचे विमे विकता येतात. ऐकायला हेच भारी वाटतं. पण पीओएसपीला आधीच ठरवून दिलेल्या साध्या योजनांचीच मुभा असते, आणि तोही एका वेळी एकाच संस्थेशी बांधलेला असतो. शिवाय पैसे ब्रोकर देतो, विमा कंपनी नाही. ब्रोकरने उद्या दर बदलला किंवा गाशा गुंडाळला, तर तुमचं पुढच्या वर्षांचं कमिशन कुणाकडे मागायचं? म्हणून ब्रोकरकडे जाणाऱ्याने दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. नूतनीकरणाचं कमिशन मिळणार की नाही, आणि मोठ्या रकमेची टर्म पॉलिसी त्यांच्या पात्र माणसाच्या नावाने लॉगिन झाली (म्हणजे अर्ज दाखल झाला) तर त्यात तुमचा वाटा किती. ज्याचं मुख्य काम गाड्यांच्या विम्याचं आहे आणि टर्म अधूनमधून निघते, त्याला हे दार सोयीचं. टर्मवरच उभं राहायचं असेल तर मी एजन्सीच्या बाजूने आहे.

तिसरं दार थोड्यांसाठी आहे, पण आपल्या भागात त्याची माहिती कमी म्हणून सांगतो. इन्शुरन्स मार्केटिंग फर्म काढली तर २०२२ च्या बदलानंतर सहा आयुर्विमा, सहा जनरल आणि सहा हेल्थ कंपन्यांपर्यंत काम करता येतं. त्यासाठी १० लाखांचं नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) लागतं. फक्त आकांक्षित जिल्ह्यात (केंद्राने विकासासाठी निवडलेल्या मागास जिल्ह्यात) काम करणाऱ्या फर्मला ५ लाखांची सवलत दिलेली आहे. मराठवाड्यातला आकांक्षित जिल्हा म्हणजे धाराशिव. तिथे दोन-तीन अनुभवी एजंट एकत्र येऊन हा विचार करू शकतात. नवख्याने एकट्याने ह्या वाटेला जाऊ नये.

पायरी २ : कंपनी तुमच्या माणसांना पॉलिसी देते का ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. टक्का कितीही असला तरी पॉलिसी इश्यूच झाली नाही तर कमिशन शून्य.

एका कागदावर तुमच्या ओळखीतली पंचवीस-तीस नावं लिहा, पण खरी, मोबाइलमध्ये आहेत म्हणून भरलेली नको. प्रत्येकाच्या पुढे वय, शिक्षण, उत्पन्नाचा पुरावा काय, तंबाखू खातो का, आणि पिनकोड. मग ती यादी घेऊन कंपनीच्या शाखेत जा आणि विचारा, ह्यातल्या किती जणांना ५० लाखांची टर्म मिळेल?

वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात कायम नोकरी करणारा, शाळेतला शिक्षक, एसटीतला वाहक, लातूरच्या क्लासमधला पगारी माणूस, ह्यांच्याकडे पगाराची स्लिप आणि फॉर्म १६ असतो. त्यांचं काम कुठल्याही कंपनीत होतं. अडतं ते शेतकऱ्यापाशी. बारा एकर बागायत आहे, सोयाबीन आणि ऊस मिळून चांगला पैसा येतो, पण शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही. टर्मवाली कंपनी म्हणते तीन वर्षांची रिटर्न्स दाखवा. अशा वेळी कंपनी सातबारा आणि आठ-अ धरते का, बँकेचं स्टेटमेंट चालतं का, कारखान्याचं ऊसबिल किंवा बाजार समितीतली हिशोबपट्टी बघते का, आणि ह्या कागदांवर जास्तीत जास्त किती लाखांचं कव्हर देते, हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. तोंडी "होऊन जाईल सर" ह्यावर जाऊ नका. अंडररायटिंगच्या (कुणाला किती विमा द्यायचा ते ठरवण्याच्या) मार्गदर्शिकेतलं ते पान दाखवायला सांगा.

शिक्षणाचीही अट असते. काही कंपन्या टर्मसाठी दहावी, काही बारावी, तर मोठ्या रकमेला पदवी मागतात. गृहिणीला कव्हर मिळतं का आणि नवऱ्याच्या कव्हरच्या प्रमाणात किती, तेही विचारा. पिनकोडचा प्रश्न तर विसरूच नका. काही कंपन्यांनी काही भाग "निगेटिव्ह" म्हणून बाजूला ठेवलेले असतात, तिथले अर्ज एक तर घेत नाहीत किंवा घेऊन महिनाभर लोंबकळत ठेवतात. तुमचा तालुका त्यात असेल तर ती कंपनी तुमच्या कामाची नाही.

मेडिकल कुठे होणार? घरी येऊन रक्त घेतात, की माणसाला भूम-परांड्याहून उपाशीपोटी जिल्ह्याच्या गावी जावं लागतं? दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं मोडून दुसऱ्यांदा कुणी जात नाही. अर्ज तिथेच मरतो.

तंबाखूचं मी मुद्दाम वेगळं सांगतो. आपल्याकडे बिडी-सिगारेट न ओढणारा स्वतःला निर्व्यसनी समजतो, खिशात मात्र पुडी असते. विमा कंपनीच्या लेखी गुटखा, मावा, चुना-तंबाखू, मिश्री, सगळं तंबाखूच. हप्ता वाढतो, गिऱ्हाईक कुरकुर करतं आणि सेल्स मॅनेजर म्हणतो, "नाही लिहा ना, कोण बघतंय?" बघणारा असतो. मृत्यू पहिल्या तीन वर्षांत झाला तर कंपनी कसून चौकशी करते. गावात माणूस पाठवते, पानटपरीवरही विचारते. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार तीन वर्षं उलटल्यावर पॉलिसीला आव्हान देता येत नाही, पण त्या तीन वर्षांत दावा फेटाळला गेला तर गेलेल्या माणसाची बायको तुमच्या दारात येते, सेल्स मॅनेजरच्या नाही. तोपर्यंत त्याची पुण्याला बदली झालेली असते.

ह्याच पायरीवर आणखी एक गोष्ट. कंपनी एजंटांना नेमकी कोणती टर्म योजना विकायला देते? गिऱ्हाईक तुमच्यासमोर मोबाइलवर ऑनलाइन दर काढतं. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२४ मध्ये एलआयसीने तरुणांसाठी दोन टर्म योजना आणल्या. "युवा टर्म" एजंटमार्फत मिळते, "डिजी टर्म" फक्त ऑनलाइन. खासगी कंपन्यांतही वेबसाइटचा दर आणि एजंटचा दर ह्यांत फरक असू शकतो. तो किती, आणि त्याच्या बदल्यात तुम्ही काय करून देणार, ह्याचं उत्तर आधी स्वतःजवळ तयार ठेवा.

ज्यांना टर्म मिळणारच नाही त्यांचं काय? ऊसतोडीला जाणारं जोडपं, रोजंदार, अडत्याकडचा हमाल. त्यांना बँकेतून प्रधानमंत्री जीवनज्योती विमा घ्यायला सांगा. १८ ते ५० वयात नाव नोंदवता येतं, वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं कव्हर. शेतकरी कुटुंबाला अपघाती मृत्यूसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिचेही २ लाख. ह्यात तुम्हाला एक पैसा मिळत नाही. तरी सांगा, फॉर्म भरून द्या. गावात नाव अशाच कामातून होतं आणि पगारवाल्या भाच्याचा फोन नंबरही तिथेच मिळतो.

पायरी ३ : आता कमिशनचा तक्ता

३१ मार्च २०२३ पर्यंत गोष्ट सोपी होती. शुद्ध टर्मवर पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ४० टक्के आणि नंतर १० टक्के, अशी आयआरडीएआयची (विमा नियामकाची) कमाल मर्यादा होती. १ एप्रिल २०२३ पासून योजनावार मर्यादा गेल्या. आता कंपनीच्या संचालक मंडळाने ठरवलेलं कमिशन धोरण चालतं आणि बंधन आहे ते कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर. म्हणून दोन कंपन्यांचे दर वेगळे, एकाच कंपनीत दोन योजनांचे वेगळे, आणि बँकेला मिळणारा दर तुमच्यापेक्षा वेगळा असू शकतो. छापील तक्ता मागा. "साधारण इतकं पडतं" हा तक्ता नव्हे.

समजा एका तिशीतल्या माणसाचा वर्षाचा हप्ता १२,००० आहे. पहिली कंपनी देते ६० टक्के, पुढे काही नाही. दुसरी देते ४० टक्के आणि पुढे दर वर्षी १० टक्के. पहिलीकडे हातात ७,२००, विषय संपला. दुसरीकडे पहिल्या वर्षी ४,८००, मग दर वर्षी १,२००. तिसऱ्या हप्त्याला दोघी बरोबरीला येतात, चौथ्यापासून दुसरी पुढे जाते. पाच वर्षांत दुसरीचे ९,६०० होतात, दहा वर्षांत १५,६००.

आता वर्षाला ४० पॉलिसी धरा, म्हणजे महिन्याला तीन-साडेतीन. नवख्यासाठी हे कमी नाही. दुसऱ्या कंपनीत पहिल्या वर्षाचं कमिशन १,९२,००० होतं, महिन्याला १६,०००. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी हप्ता भरला तर नुसतं नूतनीकरणाचं ४८,०००. दहा जणांनी सोडलं तर ३६,०००. आकडे छोटे वाटतील, पण पाच वर्षं असंच काम केलं की नवीन पॉलिसी न काढताही घरखर्चाला हातभार लागतो.

आणि हेही स्पष्ट बोललं पाहिजे की टर्मचा हप्ताच लहान असतो. त्याच गिऱ्हाइकाला ५०,००० हप्त्याची एंडोमेंट (मुदत संपल्यावर पैसे देणारी बचतीची पॉलिसी) विकली तर टक्का कमी असूनही रुपये जास्त सुटतात. म्हणूनच गल्लीगल्लीत विमा एजंट असून टर्म काढलेली माणसं कमी. हप्ते परत मिळणाऱ्या टर्मचंही तसंच. हप्ता शुद्ध टर्मच्या दुपटीच्या आसपास जातो, त्यामुळे तुमचे रुपये वाढतात आणि गिऱ्हाइकालाही "पैसे वाया जात नाहीत" हे ऐकायला गोड लागतं. पण तेवढ्याच हप्त्यात त्याला शुद्ध टर्मचं मोठं कव्हर आलं असतं. टर्मवर जगायचं असेल तर संख्या वाढवा आणि एक हेल्थ, एक जनरल कंपनी जोडून घ्या. एकाच घरात टर्म, मेडिक्लेम आणि ट्रॅक्टरचा विमा असेल तर एका फेरीत तीन कामं होतात, पेट्रोल एकदाच जळतं.

तक्त्यात आणखी दोन रकाने बघा. हप्ता किती वर्षं भरायचा आहे त्यावर कमिशन बदलतं. दहा वर्षांत हप्ते संपणाऱ्या योजनेचा दर आणि पूर्ण मुदत भरायच्या योजनेचा दर सारखा नसतो. दुसरं, मूळ कमिशन आणि बोनस वेगळे काढा. "सगळं मिळून इतके टक्के" ह्या आकड्यात स्पर्धेचा, तिमाही टार्गेटचा, क्लबचा भाग मिसळलेला असतो. टार्गेट हुकलं की तो जातो. घराचं गणित मूळ कमिशनवर करा, परदेश सहलीच्या फोटोवर नको.

पायरी ४ : तेराव्या महिन्याचा हिशोब

पॉलिसी टिकण्याचं प्रमाण कंपन्या १३, २५, ३७, ४९ आणि ६१ व्या महिन्याला मोजतात. तुमचं १३ व्या महिन्याचं प्रमाण खाली गेलं तर बोनस अडतो, आणि काही करारांत दिलेलं कमिशनही परत कापतात. पॉलिसी कितव्या महिन्यापर्यंत बंद पडली तर किती कापणार, हे करारात शोधा. गिऱ्हाइकाने ३० दिवसांच्या फ्री लुकमध्ये (नको वाटली तर परत करायच्या मुदतीत) पॉलिसी परत केली तर कमिशन जाणारच, त्यात वाद नाही.

आपल्याकडे पॉलिसी बंद पडण्याचं मोठं कारण तारीख असतं. जूनमध्ये बियाणं, खत, पेरणी. खिशात रुपया नाही. तेव्हा काढलेल्या पॉलिसीचा पुढचा हप्ता पुढच्या जूनमध्येच येतो, आणि वार्षिक हप्त्याला मिळणाऱ्या ३० दिवसांच्या सवलतीत पाऊसही नीट झालेला नसतो. शेतकऱ्याचा अर्ज दिवाळीच्या मागेपुढे लॉगिन करा, सोयाबीन-कापसाचा पैसा हातात असताना, आणि हप्ता वार्षिक ठेवा. अर्थात माणूस आत्ताच कव्हर मागत असेल तर त्याला दिवाळीपर्यंत ताटकळत ठेवू नका. विमा आधी, तुमचं टिकण्याचं प्रमाण नंतर. पगारदाराला मासिक हप्ता आणि बँकेतून आपोआप कपात सोयीची, फक्त मासिक हप्त्याला सवलत १५ दिवसांचीच असते. कपात पगाराच्या खात्यातूनच लावा, पीककर्जाच्या खात्यातून नको. तिथे आलेला पैसा बँक आधी स्वतःकडे वळवते.

पायरी ५ : कराराची शेवटची पानं

सही करायच्या आधी ही उत्तरं मिळवा. वर्षाला किमान किती पॉलिसी आणि किती हप्ता आणावा लागतो, आणि नाही आणला तर कोड (तुमचा एजंट नंबर) बंद होतो का? कोड बंद झाल्यावर जुन्या पॉलिसींचं नूतनीकरण कमिशन चालू राहतं का, किती वर्षांच्या कामानंतर? तुमच्या मृत्यूनंतर ते वारसाला मिळतं का? एलआयसीच्या एजंटांसाठी ह्याचे स्वतंत्र नियम आहेत, ग्रॅच्युइटीही आहे. तिची मर्यादा २०२३ मध्ये ३ लाखांवरून ५ लाख झाली. खासगी कंपन्यांत जे काही असेल ते करारात लिहिलेलं असेल तितकंच.

कंपनी सोडायची वेळ आली तर राजीनामा देऊन एजन्सी संपल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. २०१६ च्या नियमावलीने ते मिळाल्यावर दुसऱ्या कंपनीकडे जायला ९० दिवसांचा थांबा घालून दिला. तेवढे दिवस नवीन धंदा नाही, हे धरूनच पाऊल उचला.

भरती करणाऱ्याचा स्वार्थही ओळखा. सेल्स मॅनेजरला किती नवे कोड चालू केले ह्याचं टार्गेट असतं. "सर, वहिनींच्या नावाने कोड टाकून ठेवा, पुढचं मी बघतो," हे आपल्याकडच्या प्रत्येक झेडपी शिक्षकाने ऐकलेलं आहे. वहिनी स्वतः काम करणार असतील तर उत्तम. नाहीतर ते दोन-चार नातेवाइकांच्या पॉलिसी निघेपर्यंतच चालतं.

पायरी ६ : हातात येताना काय कापलं जातं

वर्षाचं कमिशन २०,००० च्या वर गेलं की टीडीएस कापतात. १ एप्रिल २०२५ पासून तो ५ ऐवजी २ टक्के आहे. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. रिटर्न भरा, कर लागत नसेल तर कापलेले पैसे परत मिळतात, आणि पुढे घरकर्जाला तीच रिटर्न्स उपयोगी पडतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. गिऱ्हाइकाचा हप्ता उतरला, विकायला सोपं झालं. पण कंपन्यांची खर्चावरच्या कराची वजावट गेली आणि काहींनी तो भार वितरकांच्या कमिशनवर टाकला. म्हणून तुम्हाला दाखवलेला तक्ता ह्या तारखेनंतरचा आहे का, ते विचारा. जुना तक्ता दाखवून भरती करणारे भेटतात.

पायरी ७ : "पहिल्या हप्त्यात किती सोडता?"

हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल, बहुतेक जवळच्या नातेवाइकाकडून. कमिशनमधून गिऱ्हाइकाला सूट देणं विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने बंद आहे आणि दंड १० लाखांपर्यंत आहे. घेणाराही त्यात अडकतो. "मामा, तुमच्यासाठी धावपळ करीन, दवाखान्यात तपासणीला सोबत येईन, पण हप्ता तुमचा तुम्हीच भरायचा," असं हसून सांगा. जो पहिला हप्ता दुसऱ्याच्या पैशाने भरतो तो दुसरा हप्ता भरत नाही, हे तुम्हाला तेराव्या महिन्यात दिसेलच.

सगळं जुळलं आणि सही केली की कराराची आणि कमिशनच्या तक्त्याची तारखेसह प्रत मागून घ्या. एक घरी फाइलला, एक मोबाइलमध्ये. कंपनी दर बदलते तेव्हा जुन्या पॉलिसींना कोणता दर लागू, हा वाद त्या कागदावरच सुटतो. आणि कंपनीच्या फॉर्मवर कमिशनसाठी वारसाचं नाव लिहायची जागा असेल, तर ती रिकामी सोडू नका.